मंडळ एक, स्थापनेची साले तीन: नाशिकच्या एका बुद्धिबळ मंडळाच्या इतिहासाचे प्रकरण

स्पर्धेचे पत्रक छापायला द्यायचे होते. त्यावर ठळक अक्षरांत ‘सुवर्णमहोत्सवी वर्ष’ घालायचे की नाही, यावर कार्यकारिणीत दोन तट पडले. दारावरच्या फलकावर ‘स्थापना १९७२’ आहे. नोंदणीच्या दाखल्यावर १९८४ आहे. सभेच्या इतिवृत्ताची पहिली वही १९७९ मध्ये सुरू होते. फलक खरा मानला तर सुवर्णमहोत्सव २०२२ मध्येच होऊन गेला, कुणाच्या लक्षातही न येता. दाखला खरा मानला तर तो २०३४ मध्ये येईल, आणि ज्यांनी मंडळ उभे केले त्यांच्यातले फार थोडे तेव्हा हयात असतील.

हे मंडळ अभ्यासासाठी कल्पिलेले आहे. मात्र कागद, घोटाळे आणि वाद हे कोणत्याही जुन्या लहान मंडळाच्या कपाटात सापडावेत तसेच घेतले आहेत, आणि कायदा, नियम व साले खरी आहेत. मंडळ रविवार कारंजाच्या बाजूला एका वाड्याच्या माडीवर सुरू झाले. वाडा पाडल्यावर ते एका शाळेच्या वर्गात शनिवार-रविवार भरू लागले. नियमित खेळणारे तीसेक जण, पट पंधरा, घड्याळे बारा. दरवर्षी एक खुली स्पर्धा आणि मुलांची एक.

कार्यकारिणीने एक शहाणपणाचे काम केले. साल मतदानाने ठरवले नाही. दोन महिन्यांची मुदत घालून तिघांना कागद तपासायला बसवले.

पत्र्याची पेटी

पेटीत काय होते? चार रोजकीर्दी, तीन पावतीपुस्तके, इतिवृत्ताच्या दोन वह्या, चपलांच्या खोक्यात कोंबलेल्या डावांच्या नोंदपत्रिका, स्विस पद्धतीच्या (दर फेरीत सारख्या गुणांच्या खेळाडूंची गाठ घालणाऱ्या) जोड्यांची पुठ्ठ्याची कार्डे, वर्तमानपत्रांची कात्रणे, सायक्लोस्टाइल केलेली पत्रके आणि एक बंद पाकीट. पाकिटाकडे शेवटी येऊ.

पेटी पावसाळ्यात उघडू नये. नाशिकला ऑक्टोबरनंतर हवा कोरडी होते आणि एकमेकांना चिकटलेली पाने सुटी करायला तोच काळ बरा. या तिघांनी दिवाळीनंतरच काम सुरू केले. पहिल्या दिवशी काहीही वेगळे केले नाही, कारण कागद ज्या क्रमाने ठेवलेले असतात तो क्रम हाही पुरावा असतो. पेटीतल्या प्रत्येक थराचा फोटो आधी घेतला. नंतर प्रत्येक कागदाच्या मागे खालच्या उजव्या कोपऱ्यात मऊ पेन्सिलने क्रमांक टाकला. पेन वापरले नाही, चिकटपट्टी वापरली नाही. गंजलेल्या टाचण्या ओढून काढल्या तर कागद फाटतो. टाचणीचे पाय मागून बोथट पातीने सरळ करून ती वर उचलायची. कागद लॅमिनेट करण्याचा मोह एका उत्साही सदस्याला झाला होता, तो वेळीच आवरला गेला. लॅमिनेट केलेला कागद पुन्हा मोकळा करता येत नाही आणि आत अडकलेली ओल त्याला आतून खाते. स्कॅनिंग ३०० डीपीआयला केले. पेन्सिलीने लिहिलेल्या नोंदपत्रिका रंगीत स्कॅन केल्या, कारण काळ्या-पांढऱ्यात पुसट पेन्सिल हरवते.

मुलांच्या स्पर्धेचे जुने अर्ज वेगळ्या गठ्ठ्यात गेले. त्यांना जन्मदाखल्यांच्या प्रती टाचलेल्या होत्या, त्यांवर घरचे पत्ते होते. इतिहासाला त्यांतले फक्त नाव, वयोगट आणि साल लागते. बाकीचे स्कॅन करायचेच नाही, असे ठरले.

चार पुरावे, पण मूळ एकच

१९७२ च्या बाजूने पुरावे भरपूर दिसत होते: फलक, पंचवीस वर्षांची स्मरणिका, वर्तमानपत्रातले एक कात्रण आणि तीन ज्येष्ठ सदस्यांची साक्ष. चार पुरावे एकच साल सांगतात, मग शंका कसली?

शंका रोजकीर्दीने उभी केली. वाडा सोडला त्या वर्षाच्या खर्चात ‘फलक रंगवणे’ अशी नोंद आहे. म्हणजे फलक स्थापनेच्या वेळचा नाही, नव्या जागेत आल्यावर केलेला. स्मरणिका त्यानंतरची, आणि तिच्या मनोगतात साल कुठून घेतले याचा उल्लेख नाही. कात्रणातली बातमी स्मरणिकेच्या प्रकाशनाची आहे, तिने साल स्मरणिकेतूनच उचलले. ज्येष्ठांपैकी दोघे मंडळात १९७२ नंतर आले. त्यांनी साल ऐकलेले किंवा फलकावर वाचलेले. चार पुरावे वाटत होते ते एकाच झऱ्याचे चार पाट निघाले, आणि तो झरा म्हणजे रंगाऱ्याला साल सांगणारी कोणी एक व्यक्ती.

बहुतेक मंडळांचा इतिहास इथेच फसतो. एकच गोष्ट चार ठिकाणी छापली की ती चौपट खरी वाटू लागते. उपाय साधा पण कंटाळवाणा आहे: प्रत्येक पुराव्यापुढे तो कधी तयार झाला आणि त्याने माहिती कुठून घेतली, हे दोन रकाने लिहायचे. दुसरा रकाना रिकामा राहिला तर तो पुरावा नव्हे, ऐकीव गोष्ट.

तिसरे ज्येष्ठ सदस्य मात्र खरोखर त्या वर्षी वाड्यात येत होते. त्यांची साक्ष महत्त्वाची होती, आणि ती घ्यायची पद्धतही. ‘काका, मंडळ कोणत्या साली सुरू झालं?’ असे विचारले की उत्तर १९७२ येणारच, कारण ते वर्षानुवर्षे फलक पाहत आले आहेत. म्हणून साल विचारलेच नाही.

‘काका, तेव्हा खोलीत घड्याळ होतं का?’

‘छे हो, कुठलं घड्याळ! एकेक डाव जेवणवेळेपर्यंत चाले. कुणी फारच वेळ लावला तर बाकीचे ओरडायचे.’

‘वर्गणी किती होती?’

‘वर्गणी नव्हतीच. चहाचे पैसे ज्याचे त्यानं द्यायचे. फिशर आणि स्पास्कीचे डाव पेपरात यायचे, ते आम्ही मांडून बघायचो.’

हे उत्तर सोन्याचे. आइसलँडमधील रेक्याविकचा फिशर-स्पास्की जागतिक विजेतेपदाचा सामना १९७२ च्या जुलै ते सप्टेंबरात झाला, त्यामुळे माडीवर त्या साली खेळ चालू होता हे मानायला आधार मिळाला. पण वर्गणी नाही, घड्याळ नाही, पदाधिकारी नाहीत. तो अड्डा होता, मंडळ नव्हते. फलकावरचे साल कुठून आले तेही इथेच उमगते: लोकांना खेळाची सुरुवात आठवत होती आणि तिलाच त्यांनी स्थापना म्हटले.

आठवणी सांगताना नाशिककर कुंभमेळ्याची खूण धरतात: ‘त्या सिंहस्थाच्या आधीची गोष्ट.’ खूण चांगली आहे, पण सिंहस्थ बारा वर्षांनी येतो. १९९१-९२, २००३-०४ आणि २०१५-१६ यांपैकी कोणता, हे सांगणाऱ्याच्या घरातल्या एखाद्या घटनेशी जोडून घेतले नाही तर चूक दोन-चार वर्षांची होत नाही, थेट बारा वर्षांची होते. ‘खाडिलकर भगिनी गाजत होत्या तेव्हा’ ही दुसरी खूण. पहिली राष्ट्रीय महिला स्पर्धा १९७४ मध्ये वासंती खाडिलकर यांनी जिंकली आणि पुढे जयश्री व रोहिणी यांचीही नावे बरीच वर्षे वर राहिली. या खुणेवरून दशक कळते, साल कळत नाही.

साल नसलेल्या कागदाला साल कसे लावले

नोंदपत्रिकांवर बहुतेकदा ‘रवि. १२/८, फेरी ३’ एवढेच असते. तेव्हा खेळणाऱ्याला साल लिहायची गरज वाटत नाही. इथे पहिला आधार वाराचा. १२ ऑगस्टला रविवार १९७३, १९७९, १९८४ आणि १९९० या वर्षी येतो. चार पर्याय राहिले.

दुसरा आधार डाव लिहिण्याच्या पद्धतीचा. त्या गठ्ठ्यातल्या पत्रिकांवर खेळी जुन्या वर्णनात्मक पद्धतीने लिहिलेल्या आहेत: ‘पी-के ४’, ‘केटी-केबी ३’. फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेने १९८१ पासून फक्त बीजगणिती नोंद (‘ई ४’ अशी, घराच्या नावाने) मान्य केली. म्हणून हा गठ्ठा १९८१ च्या आधीचा, असे ठरवून मोकळे व्हावेसे वाटते. तसे करू नये. इंग्रजी पुस्तकांवर वाढलेला खेळाडू नियम बदलल्यावरही पुढची कित्येक वर्षे सवयीने ‘पी-के ४’ लिहीत राहतो, आणि रशियन पुस्तके वाचणारा १९८१ च्या आधीही ‘ई ४’ लिहीत असे. एका माणसाच्या पत्रिकेवरून साल ठरत नाही. एकाच स्पर्धेच्या सगळ्या पत्रिका एकाच पद्धतीच्या असतील, तरच त्या खुणेला वजन येते. या गठ्ठ्यात तसेच होते, म्हणून १९८४ आणि १९९० मागे पडले.

तिसरा आधार सभागृहाच्या भाड्याच्या पावतीचा. स्पर्धेच्या हिशेबाला टाचलेल्या पावतीवर ‘नाशिक नगरपालिका’ असे छापले आहे. महानगरपालिका १९८२ मध्ये झाली. आता राहिली १९७३ आणि १९७९. रोजकीर्दीच्या ऑगस्ट १९७९ च्या पानावर त्याच रकमेचे भाडे खर्ची पडलेले सापडले. गठ्ठा १९७९ चा.

रोजकीर्दीत एक खड्डा आहे. वही एप्रिल ते मार्च अशी असते आणि वर ‘सन १९७८-७९’ लिहिलेले असते. आत ‘१४/२’ अशी नोंद दिसली की घाईत ती १९७८ ची धरली जाते, ती असते १९७९ ची. काही मंडळांच्या वह्या दिवाळीच्या पाडव्याला बदलत, तिथे आणखी जपावे लागते. या मंडळाची पहिली वही तशीच होती आणि दुसरी एप्रिलपासून सुरू झाली. मधले काही महिने दोन्ही वह्यांत आहेत. त्यामुळे एका वर्षाच्या वर्गण्या दोनदा मोजल्या गेल्या आणि ‘त्या वर्षी सभासद दुप्पट झाले’ असे वाक्य स्मरणिकेत छापून आले. सभासद वाढलेच नव्हते.

बारीकसारीक खुणाही उपयोगी पडल्या. पोस्टाचा पिन क्रमांक १५ ऑगस्ट १९७२ पासून आला. एका पोस्टकार्डावर फक्त ‘नासिक १’ आहे आणि दुसऱ्यावर ‘४२२ ००१’. पिन असलेले कार्ड निश्चितच त्या तारखेनंतरचे. पिन नसलेल्याबद्दल काही सांगता येत नाही, कारण लोक कित्येक वर्षे पिन लिहायचे टाळत. ‘मंडळाचें’, ‘खेळाडूंनीं’ असे अनुस्वार दिसले की कागद १९६२ च्या शुद्धलेखन नियमांआधीचा वाटतो. पण जुन्या शाळेत शिकलेला चिटणीस आयुष्यभर तसेच लिहितो. ही खूण कागदाची नाही, लिहिणाऱ्याच्या वयाची आहे.

डाव वाचताना होणाऱ्या चुका

या वेळच्या नव्या स्मरणिकेत जुने पाच डाव द्यायचे होते. वर्णनात्मक नोंद बीजगणितीत आणताना सर्वांत जास्त चूक काळ्याच्या खेळीत होते. या पद्धतीत प्रत्येक खेळाडू ओळी आपल्या बाजूने मोजतो. पांढऱ्याचे ‘पी-के ४’ म्हणजे ई ४, आणि काळ्याचे ‘पी-के ४’ म्हणजे ई ५. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून नोंद नुसती उतरवायची नाही, पट मांडून खेळी हलवत जायचे. ‘पी×पी’ लिहिले असेल तर कोणत्या प्याद्याने कोणते प्यादे मारले हे पटावरच कळते. दोन शक्यता दिसल्या तर दोन्ही थोड्या पुढपर्यंत चालवायच्या. चुकीची वाट बहुधा पाचसहा खेळींत अशक्य खेळीला येऊन अडते.

शेवटची दहाबारा खेळी नसणे ही नेहमीची अडचण. वेळ संपत आला की खेळाडू लिहायचे सोडतो. आजच्या नियमातही पाच मिनिटांपेक्षा कमी वेळ उरला आणि दर खेळीला ३० सेकंदांची भर नसेल तर नोंद सक्तीची नाही. दोघांच्या पत्रिका मिळाल्या तर पुष्कळदा एकाची तुटलेली नोंद दुसऱ्याकडे सापडते. या मंडळात पंच दोन्ही पत्रिका टाचून ठेवत, ही त्यांची शिस्त आता फळाला आली. एकच पत्रिका असलेला डाव स्मरणिकेत ‘पुढे अपूर्ण’ असे लिहून छापायचे ठरले. निकाल माहीत आहे म्हणून शेवट मनाने रचायचा नाही.

कार्डांचा हिशेब

स्विस पद्धतीच्या जोड्या पूर्वी कार्डांवर लावत. खेळाडूमागे एक कार्ड, त्यावर फेरी, प्रतिस्पर्ध्याचा क्रमांक, रंग, गुण आणि एकूण गुण. पंच गुणांप्रमाणे कार्डांचे गट लावून जोड्या जुळवत असे. या कार्डांतून अख्खी स्पर्धा पुन्हा उभी करता येते आणि तिची तपासणीही करता येते, हे फार थोड्यांच्या लक्षात येते.

१९७९ च्या स्पर्धेत २४ खेळाडू आणि ७ फेऱ्या होत्या. दर फेरीत १२ डाव, म्हणजे १२ गुण. सात फेऱ्यांचे ८४. कार्डे २१ सापडली, ३ गहाळ. पण क्रमांक ५ च्या कार्डावर ‘१२ शी बरोबरी’ असेल तर १२ चे कार्ड नसले तरी त्याला त्या डावाचा अर्धा गुण मिळाला हे कळतेच. गहाळ तिघांचे बाकीच्या एकवीस जणांशी झालेले सगळे डाव असे परत मिळाले. हरवू शकतात ते फक्त त्या तिघांमधले आपापसातले डाव, जास्तीत जास्त तीन. बेरीज ८३ आली, म्हणजे आपापसातला एकच डाव झाला होता आणि त्याचा निकाल तेवढा अज्ञात राहिला.

खेळाडू विषम असतील तर बाय (जोडी न मिळालेल्याला न खेळता मिळणारा गुण) धरायला विसरू नये: २३ जणांत दर फेरीत ११ डाव आणि बायचा एक गुण, म्हणजे पुन्हा १२. प्रतिस्पर्धी आलाच नाही म्हणून मिळालेला गुणही कार्डावर गुण म्हणूनच दिसतो. बेरीज जुळते पण डाव झालेला नसतो. कोणाचे किती विजय हे सांगताना असे गुण वेगळे काढावे लागतात. ‘सलग सात डाव जिंकले’ असा एका माजी विजेत्याचा लौकिक होता. कार्डावर सातपैकी एका फेरीत प्रतिस्पर्ध्याच्या क्रमांकाऐवजी आडवी रेघ आहे. सहा विजय आणि एक ‘पुढे चाल’, म्हणजे न खेळता मिळालेला गुण. लौकिक त्याने कमी होत नाही, पण छापताना सहा छापले.

फिरत्या चषकाकडेही असेच पाहिले. त्यावर विजेत्यांची नावे कोरलेली आहेत, सलग. पहिल्या पाच नावांचे अक्षर एकाच हाताचे आणि एकाच खोलीचे आहे. म्हणजे ती एकदम कोरून घेतली, बहुधा आठवणीने. त्यांतले एक नाव कार्डांशी जुळले नाही: त्या वर्षीचा विजेता दुसराच होता आणि चषकावरचा खेळाडू सरस सरासरीने दुसरा आला होता. चषक खोडायचा नाही, स्मरणिकेत तळटीप द्यायची, असे ठरले. वारसांना हे आधी घरी जाऊन सांगितले. छापून आल्यावर त्यांना कळणे योग्य नव्हते.

पुराची गोष्ट

१९८६ ते १९९० ची रोजकीर्द नाही. ‘पुरात गेली’ हे ठरलेले उत्तर. नाशिकमध्ये हे उत्तर कोणालाही पटते, कारण गोदावरी चढली, दुतोंड्या मारुती बुडाला की पाणी कुठवर येणार याचा अंदाज जुन्या भागातल्या प्रत्येक घराला असतो. पण कोणता पूर? एकाने १९६९ चा सांगितला. तेव्हा तर माडीवरचा अड्डासुद्धा नव्हता. दुसऱ्याने २००८ चा सांगितला. तेव्हा पेटी शाळेत होती आणि तिच्यातल्या आधीच्या व नंतरच्या वह्यांवर पाण्याची एक रेघही नाही. एकाच पेटीत ठेवलेल्या पाचपैकी मधलीच वही भिजून नाहीशी होत नाही.

मग वही गेली कुठे? इतिवृत्तात त्या वर्षांचे खजिनदार एकच आहेत, ते आता हयात नाहीत. त्यांच्या घरी एक ज्येष्ठ सदस्य गेले. ‘काकू, काकांच्या कपाटात मंडळाची एखादी वही राहिली आहे का? हिशेब मागायला आलो नाही. त्यांनी केलेलं काम लिहून ठेवायचंय.’ ‘हिशेब मागायला आलो नाही’ हे लगेच सांगणे फार गरजेचे असते. जुन्या खजिनदाराच्या घरी वही मागायला गेले की घरच्यांना प्रथम संशयच जाणवतो. वही मिळाली, पावत्यांसह, पै न पै लिहिलेली.

तिच्यात ग्रँडमास्टरच्या गोष्टीचा उलगडा झाला. ‘ऐंशीच्या सुमारास एक भारतीय ग्रँडमास्टर आले आणि पंचवीस जणांशी एकाच वेळी खेळले’ ही मंडळातली लाडकी आठवण. ती त्या रूपात खरी असू शकत नाही. भारताचे पहिले ग्रँडमास्टर विश्वनाथन आनंद, तेही १९८८ मध्ये झाले. त्याआधी मॅन्युएल ॲरन १९६१ मध्ये आंतरराष्ट्रीय मास्टर (ग्रँडमास्टरच्या खालचा किताब) झाले आणि दुसरा भारतीय आंतरराष्ट्रीय मास्टर १९७८ मध्ये झाला. वहीत १९८७ च्या एका रविवारी ‘पाहुणे खेळाडू, प्रवास व भोजन’ आणि ‘टेबल भाडे १४’ अशा नोंदी आहेत. कार्यक्रम झाला होता, पट चौदा होते, पाहुण्यांचे नाव वहीत नाही. स्मरणिकेत तेवढेच लिहिले.

विदित गुजराथी यांच्याबद्दलचा दावा मात्र पूर्ण वगळला. १९९४ मध्ये नाशिकला जन्मलेला मुलगा २०१३ मध्ये ग्रँडमास्टर होतो, २०२३ ची ग्रँड स्विस स्पर्धा जिंकतो, २०२४ मध्ये बुडापेस्टला ऑलिंपियाडचे सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघात असतो. मग शहरातल्या प्रत्येक पटाला त्याच्याशी आपले नाते हवेसे वाटते, आणि ते स्वाभाविक आहे. ‘लहानपणी आमच्याकडे एकदा खेळून गेला’ असे दोघांनी सांगितले. यादी, पावती, पत्रिका, फोटो, काहीच मिळाले नाही. खरेही असेल. पण कागद नसताना मोठ्या खेळाडूचे नाव आपल्या पत्रकावर घालणे त्याच्यावरही अन्याय आहे आणि ज्या साध्या माणसांनी इथे चाळीस वर्षे पट मांडले त्यांच्यावरही.

नवा काळ कागदावर नाही

तिघांना सर्वांत जास्त त्रास झाला तो गेल्या पंधरा वर्षांचा. हे ऐकून कार्यकारिणीला आश्चर्य वाटले. कारण सरळ आहे. जुनी स्पर्धा संथ डावांची, चार रविवार चालणारी. आताची एका दिवसात उरकणारी, रॅपिड. दहा मिनिटांपेक्षा जास्त आणि साठपेक्षा कमी वेळेच्या डावात खेळी लिहिण्याची सक्ती नसते. नोंदपत्रिका तिथेच संपल्या. जोड्या संगणकावर लागू लागल्या, कार्डे संपली. याद्या व्हॉट्सॲपच्या गटावर आल्या आणि फोन बदलला तशा गेल्या. ज्या स्पर्धांचे निकाल पंचाने चेस रिझल्ट्स या संकेतस्थळावर चढवले त्या पूर्ण मिळाल्या. बाकीच्यांचे विजेत्याचे नाव आणि ढालीसह काढलेला फोटो, एवढेच उरले. १९७९ ची स्पर्धा फेरीवार सांगता येते, २०१४ ची येत नाही.

मानांकनाचा (रेटिंगचा) आलेख काढतानाही एक सापळा होता. २०२४ च्या मार्चमध्ये मंडळातल्या जवळजवळ प्रत्येक मुलाचे मानांकन एकदम वर गेलेले दिसते. ही प्रगती नव्हे. फिडेने १ मार्च २०२४ ला खालची मर्यादा १००० वरून १४०० केली आणि २००० च्या खालच्या सर्वांना एकदाच वाढ दिली: २००० पासून जेवढे अंतर, त्याच्या ४० टक्के. १२०० चा खेळाडू १५२० झाला, १६०० चा १७६०. आलेखात तिथे उभी रेघ मारून दोन तुकडे करावे लागतात. उलट बाजूने, सत्तर-ऐंशीच्या दशकात मंडळातला एकही खेळाडू फिडेच्या यादीत नाही म्हणून तेव्हाचा दर्जा कमी समजू नये. त्या काळी यादीच २२०० पासून सुरू होत होती.

दाखला आणि त्यामागचे दुखणे

१९८४ चे साल धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातल्या नोंदणीचे. अशी संस्था १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली अशी दुहेरी नोंदली जाते. नोंदणीला किमान सात सभासद लागतात. दाखला फ्रेम करून भिंतीवर लावला जातो आणि पुढचे सगळे विसरले जाते. पदाधिकारी बदलले की ९० दिवसांत बदल अहवाल, म्हणजे सगळे म्हणतात तो चेंज रिपोर्ट, दाखल करावा लागतो. परिशिष्ट एकचा उतारा आणि मंजूर चेंज रिपोर्टांच्या प्रमाणित नकला मागवल्या की कोण केव्हा अध्यक्ष, कोण केव्हा चिटणीस, याची सरकारी साखळी हातात येते. स्मरणिकेतल्या यादीपेक्षा ती कितीतरी भरवशाची.

या मंडळाची साखळी १९९६ ला तुटते. त्यानंतर अहवाल दिलेलेच नाहीत. कागदोपत्री पदाधिकारी अजून तेच आहेत आणि त्यांतले चौघे वारले आहेत. म्हणून बँकेत सह्या बदलता येत नाहीत, खाते गोठलेले, प्रवेश फी एका सदस्याच्या खासगी क्यूआर कोडवर येते. इतिहास शोधायला निघालेल्यांना मंडळाचे आजचे दुखणे सापडले. जुन्या सभांची इतिवृत्ते जपलेली असल्याने मागचे बदल क्रमाने दाखल करता येतील. उशीर माफ करण्याचा अर्ज प्रत्येकासोबत जोडावा लागेल, आणि वकील सांगतील तितका काळ लागेल. हे काम सुवर्णमहोत्सवापेक्षा निकडीचे आहे आणि कार्यकारिणीने ते आधी हाती घेतले.

साल कोणते ठरले

पेटीतला सर्वांत जुना, मंडळाच्या नावाचा आणि वाचता येईल असा शिक्का असलेला कागद म्हणजे १९७६ चे एक पोस्टकार्ड. दुसऱ्या गावच्या मंडळाने सामन्याचे निमंत्रण दिले आहे आणि पत्ता ‘चिटणीस, बुद्धिबळ मंडळ’ असा आहे. बाहेरच्या माणसाला चिटणीस आहे हे माहीत होते, म्हणजे मंडळ उभे होते. त्याच वर्षीच्या पावतीपुस्तकात वर्गणी घेतलेली आहे. दोन कागद, एकमेकांपासून स्वतंत्र.

पत्रकावर आता चार ओळी छापल्या आहेत: ‘१९७२ च्या सुमारास वाड्यात खेळ सुरू (आठवणींवरून). १९७६ पासून मंडळाच्या नावाने वर्गणी व पत्रव्यवहार. १९७९ मध्ये घटना मंजूर व पहिली खुली स्पर्धा. १९८४ मध्ये नोंदणी.’ त्यावरून सुवर्णमहोत्सव २०२६ चा. फलक पुन्हा रंगवायला दिला आहे आणि त्याची पावती फाइलला लावली आहे.

राहिले ते बंद पाकीट. पूर्वी लांबलेला डाव तहकूब करत. ज्याची पाळी असेल तो खेळी पटावर न करता लिहून पाकिटात बंद करी. पाकिटावर दोघांची नावे, पटावरची स्थिती, दोघांचा खर्च झालेला वेळ, खेळीचा क्रमांक, कोणी बंद केली आणि डाव पुन्हा केव्हा बसणार हे लिहीत. या पाकिटावर सगळे आहे: फेरी ५, बेचाळिसावी खेळी, काळ्याची पाळी, हत्ती आणि प्याद्यांचा अंत्यडाव. कार्डांवर दोघांनाही अर्धा-अर्धा गुण आहे, म्हणजे डाव पुन्हा न बसताच बरोबरी ठरली आणि पाकीट तसेच राहिले. खेळी बंद करणारे गृहस्थ आता ऐंशीच्या घरात आहेत आणि अजून शनिवारी येतात. पाकिटावरची स्थिती त्यांच्यापुढे मांडली. थोडा वेळ पाहून त्यांनी आठवणीतली खेळी एका चिठ्ठीवर लिहिली आणि चिठ्ठी घडी करून दिली. पाकीट आणि चिठ्ठी एकाच फोल्डरमध्ये ठेवली आहेत, क्रमांक ३११ आणि ३११ अ. दोन्ही उद्घाटनाच्या दिवशी त्यांच्याच हातून उघडायची आहेत.